वकीलसाहेबांची सुनावणी

आमच्या पाथरीत नाटकात काम मिळालं नाही, तर ते सांगायला माणूस घरी यायचा. सकाळी सकाळी काळा कोट घातलेला, हातात सायकल धरून चालणारा एक उंच माणूस गल्लीत शिरला, की लोक ओळखायचे, कुणाचं तरी नट व्हायचं राहिलं. तो दारात उभा राहून घरातल्या कर्त्या माणसाला हाक मारायचा, निकाल सांगायचा, कारण सांगायचा, तांब्याभर पाणी मागून प्यायचा आणि पुढच्या घरी जायचा. ते आमचे वकीलसाहेब. गावात वकील आणखीही होते, पण नुसतं 'वकीलसाहेब' म्हटलं की हेच.

सायकलवर बसलेलं त्यांना कुणी कधी पाहिलं नाही. कोर्टापासून घरापर्यंत आणि घरापासून नाटकाच्या शेडपर्यंत सायकल त्यांच्या बाजूनं चालायची. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "सायकलीवर बसलं की माणसं मागं राहत्यात, बाई. चालताना कुणी चार शब्द तरी बोलतं." भर मे महिन्यातही अंगातला कोट उतरायचा नाही. त्याच्या एका खिशात भुईमुगाच्या शेंगा आणि दुसऱ्या खिशात त्याच शेंगांची टरफलं. कुणी म्हणायचं, माणूस सटकलेला आहे. कुणी म्हणायचं, बापजाद्यांची जमीन आहे म्हणून हे चोचले चालतात. दोन्हीत थोडं थोडं तथ्य होतं.

वकिली बेताचीच होती. अशील आला की साहेब त्याला बोलू द्यायचे. मध्ये शब्द टाकायचा नाही, घड्याळाकडं बघायचं नाही, कागद पुढं ओढायचा नाही. एकदा एक शेतकरी सख्ख्या भावावर दावा लावायला आला, सकाळपासून जेवणवेळेपर्यंत बोलला, आणि शेवटी धोतर झटकत उठला. "जाऊ द्या साहेब, मोकळं वाटायलंय," म्हणाला आणि घरी गेला. बाकीचे वकील हसायचे. ह्यांच्याकडं केस चालत येते आणि दमून परत जाते, असं कुणीतरी कोर्टाच्या आवारात म्हटलं, ते गावभर झालं.

निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलेला माणूस. त्यामुळं नाटकाच्या तालमीला ते 'पेशी' म्हणायचे आणि नटांच्या निवडीला 'सुनावणी'. वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं, की शनिवारी दुपारी सुनावणी आहे, ज्याला काम पाहिजे त्यानं हजर व्हावं. जागा म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगची पत्र्याची शेड. कापूस जाऊन जमाना झाला होता, पण सरकीचा वास भिंतींतून हटला नव्हता. आमच्या पाथरीचं थिएटर ते एवढंच. पुढं फळ्यांचं स्टेज, खाली सतरंज्या, आणि बायकांसाठी एका बाजूला दोरी बांधलेली.

आता ही सुनावणी कशी चालायची ते सांगते. गावोगाव नाटकासाठी माणसं निवडताना त्यांच्याकडून काहीतरी म्हणवून घेतात. आमच्याकडं उमेदवारानं तोंड उघडायचंच नाही. स्टेजवर समोरासमोर दोन खुर्च्या. एकीवर उमेदवार. दुसरीवर गावातलं कुणीही, ज्याचा नाटकाशी काही संबंध नाही असं माणूस. साहेबांनी रस्त्यात गाठून, हातापाया पडून आणलेलं. कधी सुईण, कधी एसटीतला कंट्रोलर, कधी बांगड्या भरणारी. त्या माणसानं आपल्यावर गुदरलेलं काहीतरी सांगायचं आणि उमेदवारानं ते ऐकायचं. साहेब बाजूला स्टुलावर बसून शेंगा फोडायचे. सांगणाऱ्याकडं एकदाही बघायचे नाहीत. नजर ऐकणाऱ्याच्या तोंडावर.

त्यांचं म्हणणं असं, की नाटक बोलणाऱ्याच्या तोंडावर नसतंच. "लोक ऐकणाऱ्याकडं बघून ठरवत्यात, खरं का खोटं ते. कोर्टात तरी वेगळं काय असतंय?"

एका वर्षी सोसायटीचे सेक्रेटरी आले. अंगानं भरदार, आवाज खणखणीत. ऐतिहासिक स्वगत पाठ करून, कापसाच्या मिशा चिकटवून, कमरेला लाकडी तलवार लावूनच आले होते. समोर बसवली होती सोनपेठच्या बाजारात म्हैस हरवलेली एक म्हातारी. ती त्या म्हशीचं पार रेडकू होती तेव्हापासून सांगत गेली. सेक्रेटरी तलवार मांडीवर आडवी घेऊन बसले. आम्ही बायका दोरीपलीकडं पदरात तोंड खुपसून हसत होतो. म्हातारी थांबली, डोळे पुसून उठायला लागली, तर सेक्रेटरी एकदम म्हणाले, "आवो पर म्हैस घावली का न्हाई?" एक मिशी तोवर गळून पडली होती आणि त्यांना पत्ताही नव्हता. साहेबांनी शेंगा खिशात टाकल्या आणि जागच्या जागी त्यांना मुख्य काम दिलं. त्याच दिवशी तालुक्यातल्या एका बड्या साहेबाच्या मेहुण्याला नाही म्हटलं. ते सांगायलाही दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल धरून त्या बंगल्यावर गेलेच.

दिलेला निकाल त्यांनी बदलला असं कधी झालं नव्हतं. चिठ्ठ्या आल्या, दम आले, एकदा शेडचं भाडं वाढलं, पण निकाल तोच. वर्गात निकाल लावतात तसा कागद फळ्यावर चिकटवा की, असं मी एकदा सुचवलं होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, की मी खुर्चीत आखडले. "निकाल माणसाला घरी जाऊन द्यावा, बाई. त्याच्या उंबऱ्यात उभं राहून. फळ्यावर लावलेला निकाल म्हंजे तोंड चुकवून दिलेला निकाल."

मला ते बाई म्हणायचे, कारण मी शाळेत बाई होते. नुकतीच लागले होते तेव्हा. आम्ही बौद्ध. आमचं मूळ गाव सोनपेठच्या अंगाचं. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल झाली त्या वर्षी मी परभणीला वसतिगृहात राहून डी.एड. करत होते. गावातलं आमचं घर जळालं, आबा आणि माय अंगावरच्या कपड्यांनिशी पाथरीला आले, एवढं मला कळलं. त्यापलीकडं आबांनी कधी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते मोंढ्यात हमाली करायला लागले, मला नोकरी लागली, गावाच्या खालच्या अंगाला वस्तीत आम्ही दोन खोल्या बांधल्या. दिवस लागी लागले, असं माय म्हणायची.

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना माहीत होती. बाहेरून कुणी आबांच्या नावानं हाक मारली, तर आबा ओ द्यायचे नाहीत. कानानं चांगले होते. पण हाक आली की हातातलं काम तसंच धरून गप्प बसायचे, आणि माय उठून दाराशी जायची. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाचा हेका आहे.

नाटकात काम करावं हे माझं शाळकरी वयापासूनचं वेड. आवाज मोठा, पाठांतर पक्कं, स्नेहसंमेलनात बक्षिसं घेतलेली. त्या साली साहेबांनी जे नाटक धरलं, त्यात एका विहिरीवरून भांडणारे दोन भाऊ आणि माहेरी आलेली त्यांची बहीण. बाईच्या कामासाठी दरवर्षी नांदेडहून नटी आणायचे. ह्या वेळी गावातल्याच बाईला घ्यायचं ठरलं. मी घरात विषय काढला तर आबा तडकले. आपण आपल्या पायरीनं राहावं, चार लोकांच्या डोळ्यांवर कशाला यायचं, आधीच काय कमी झालं का, असं बरंच बोलले. मी ऐकलं नाही. शनिवारी शाळा सुटली तशी पातळाच्या निऱ्या नीट करत शेडवर गेले.

माझ्या समोर चुडाव्याचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांचा थोरला मुलगा सकाळच्या गाडीनं कामाला म्हणून गेला तो परत आला नव्हता. मी जीव लावून ऐकलं. जिथं मान हलवायला पाहिजे तिथं हलवली, जिथं श्वास रोखायला पाहिजे तिथं रोखला, आणि शेवटी माझ्या डोळ्यांतून पाणीही आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी म्हणाले, काम पक्कं. मीही तेच धरून घरी आले आणि रात्रभर मनातल्या मनात पडदा उघडत राहिले.

रविवारी सकाळी सायकल वस्तीत आली. मागं पोरांचं लटांबर. दारात उभं राहून साहेबांनी आबांच्या नावानं हाक मारली. पुढं 'राव' लावून, पूर्ण नाव. आबांना असं कुणी पुकारलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मोंढ्यात तर त्यांच्या नावाची निम्मी अक्षरंच शिल्लक राहायची. आबा नेहमीसारखे गप्प. माय उठून बाहेर गेली, मागोमाग मी, आणि सगळ्यात शेवटी आबा.

"बाईंना काम दिलेलं नाही," साहेब म्हणाले. मग पाणी मागितलं. मायनं आबांकडं बघितलं आणि तांब्या आणला. साहेबांनी उभ्यानं तो संपवला. ह्याचं नंतर गावात फार कौतुक झालं, कुणी नाकं मुरडली. मला दोन्हीचा राग येतो. त्यांनी पाणी पिऊन आमच्यावर उपकार केले नव्हते. त्यांना तहान लागली होती आणि ते प्रत्येक दारात पाणी प्यायचे.

काम माझं गेलं होतं. पण भडकले ते आबा. कालपर्यंत नाटकाचं नाव काढू न देणारा माणूस पुढं झाला. "का न्हाई दिलं? माझ्या लेकीत काय कमी हाय? का आमी कोण हाव ते बघून न्हाई दिलं?"

अशा वेळी भली माणसं काय बोलतात ते मला पाठ आहे. आम्ही असलं काही मानत नाही, आमच्या घरी सगळे येतात, तुमचा गैरसमज झाला. साहेबांनी ह्यातलं काही म्हटलं नाही. त्यांना राग आला नाही आणि वाईटही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली.

"तुमाला तसं वाटतंय तर ते उगं वाटत नसंल," ते म्हणाले. "कुठून वाटायलंय ते सांगा. मी ऐकतो."

आणि लिंबाखालच्या बाजेवर बसले. खिशात हात घातला नाही, शेंगा काढल्या नाहीत. आबा उभेच होते. मला वाटलं, आता हे आत निघून जातील. पण ते बाजेच्या दुसऱ्या टोकाला टेकले आणि बोलायला लागले.

ते सगळं मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर ते माझं होईल, आणि ते आबांचं आहे. थोडक्यात सांगते. दिवेलागणीची वेळ. माणसं चालून आली तेव्हा आबा आणि माय घरात कोंडून बसले होते. बाहेर आरडाओरडा, कुठंतरी छप्पर पेटल्याचा वास. आणि त्या गलक्यात समोरच्या दाराशी येऊन कुणीतरी आबांना नावानं हाक मारली. आवाज ओळखीचा होता. ज्याच्या बैलाबरोबर आबांनी आपला एक बैल जुंपून वर्षानुवर्षं शेत केलं, त्या शेजाऱ्याचा आवाज. तीन वेळा हाक आली.

"त्यानं मला वाचवायला हाक मारली का भाईर काढायला, ते मला अजून कळलं न्हाई, साहेब," आबा म्हणाले. "लय इचार केला. त्यो आवाज कानात तसाच हाय. पर त्यातलं मन काय कळंना."

मी उंबऱ्यात कधी बसले होते मला आठवत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तुमी काय केलंत, आबा?"

"मागल्या भिंतीच्या खिंडारातून तुह्या मायला घेऊन निघालो," ते म्हणाले. "त्याला ओ दिली न्हाई."

लिंबावरचे कावळे ओरडत होते. साहेबांनी विचारलं, हे कुठं सांगितलं का आजवर. पोलिसात, कोर्टात, कुणाला? आबांनी मान हलवली. "कुनी इचारलंच न्हाई," ते म्हणाले.

साहेब आणखी बसून राहिले. धीर दिला नाही, सल्ला दिला नाही. वकील माणूस, कलमं तोंडपाठ. एकही कलम सांगितलं नाही. आबांच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला नाही. फक्त आबा बोलून संपले आहेत ह्याची खात्री होईपर्यंत थांबले. माणसाला असं ऐकून घेता येतं हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. देवळात, विहारात, कुठंही मला इतकं शांत वाटलेलं नाही. मग ते उठले, सायकल घेतली, आणि चार पावलं गेल्यावर वळून म्हणाले, "बाई, शनिवारी पेशीला या."

हा त्यांनी फिरवलेला एकुलता एक निकाल. गावात ह्याचे नाना अर्थ निघाले. मला मात्र आतून टोचत होतं. शनिवारी सगळ्यांच्या आधी शेडवर जाऊन मी त्यांना गाठलं आणि सरळ विचारलं, आमच्या आबांची दया आली म्हणून काम दिलंत का. तसं असेल तर मला नको.

त्यांनी टरफल नीट दुसऱ्या खिशात टाकलं. "सुनावणीत तुमी अर्धा वेळ माझ्याकडं बघायल्या होत्या," म्हणाले. "मान हलवली की बघायच्या, डोळं पुसलं की बघायच्या. चुडाव्याच्या त्या बिचाऱ्याला कुणी ऐकलंच नाही. रविवारी तुमी मला विसरल्या. निकाल त्याचा हाय, दयेचा नाही."

मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला, की दोन्ही एकदम कुठं ठेवावं कळेना. आजही त्या उत्तराची आठवण झाली की मी ताठ बसते.

नाटक झालं. माझ्या वाट्याला मोजून थोडी वाक्यं होती. बाकी सगळा वेळ एकदा थोरला भाऊ येऊन बोलतो, एकदा धाकटा, आणि बहीण ऐकते. थोरला म्हणजे सेक्रेटरी. दुसऱ्या अंकात ते वाक्य विसरले. घामाघूम झाले. विंगेतून कुणीतरी वाक्य सांगायला लागलं, तर साहेबांनी पाठमोरे उभे राहूनच हातानं गप्प केलं. मी काही केलं नाही. त्यांच्याकडं बघत राहिले, कारण मला खरंच पुढचं ऐकायचं होतं. आणि सेक्रेटरींना ते वाक्य सापडलं. पुस्तकातलं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं, पण त्याहून बरं होतं.

साहेब स्वतःचं नाटक कधी बघायचे नाहीत. स्टेजकडं पाठ करून, खांबाला टेकून प्रेक्षकांची तोंडं बघत उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, तुमचे आबा मागं दाराजवळ बसले होते, आणि तुमची सगळी वाक्यं तुमच्या आधी त्यांच्या ओठांवर यायली होती. घरी पाठांतर करताना आबा पाठ फिरवून बसायचे. ऐकत होते हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर मला कामं मिळाली त्यापेक्षा नाकारली जास्त गेली, आणि दर वेळी साहेब ते सांगायला घरी आले. निकाल दारात व्हायचा, मग बाजेवर बैठक. आबा बोलायचे, साहेब ऐकायचे. मोंढ्यातलं, गावाकडचं, बैलांचं. नामांतरावरून गावात पुन्हा पुन्हा वातावरण तापायचं. तसल्या दिवसांत वरच्या आळीची माणसं आमच्या रस्त्यानं जायची बंद व्हायची. सायकल बंद झाली नाही. तरीही साहेबांनी हाक मारली की दाराशी जायची ती मायच. आबा मागून यायचे. साहेबांनी त्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही. हाक मारायचंही सोडलं नाही.

पुढं जिनिंगची शेड पाडली, तिथं दुकानं झाली, नाटकं थांबली. साहेब थकले. सायकल आता खरोखरच आधाराला लागायची. आमच्याकडं यायला त्यांना कारण उरलं नाही, तसं येणंही उरलं नाही.

आणि दंगलीला पंधरा वर्षं उलटून गेल्यावर एका संक्रांतीला नामांतराची घोषणा झाली. रेडिओवर सगळ्यांनी ऐकलं होतं, वस्तीत रात्रीपासून कुणी झोपलं नव्हतं, सकाळी गुलाल आणि हलगी. आबा आत बसून होते. विद्यापीठाचं जुनं नावही ठेवून नवं नाव दिलं, ह्यावर त्यांचं मायशी चाललं होतं. अर्धा निकाल हाय, म्हणत होते, पर निकाल हाय.

मी ओट्यावर उभी होते. गुलालानं माखलेल्या पोरांची गर्दी मध्येच फाटली आणि काळा कोट दिसला. एका हातानं सायकल धरून, दुसऱ्या हातानं वाटेतल्या माणसांना जपून बाजूला करत साहेब एकेक पाऊल येत होते. मी धावत पुढं गेले. म्हटलं, साहेब, तुम्ही कशाला आलात ह्या गर्दीत, आम्हाला रात्रीच कळलं. त्यांना धाप लागली होती. माझ्याकडं त्यांनी तीच जुनी नजर टाकली आणि म्हणाले, "रेडिओनं सांगितलं म्हंजे घरी येऊन सांगितलं का?"

उंबऱ्यासमोर येऊन त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, कोटाची बटणं लावली, आणि हलगीच्या आवाजातून आबांच्या नावानं हाक मारली. पूर्ण नाव, पुढं 'राव' लावून.

माय सवयीनं उठून दाराकडं निघाली. तेवढ्यात तिच्या मागून आबांनी ओ दिली.